आवारात नेस्टाचं लग्न

टोपी तिरकी बसली म्हणून नेस्टाने पुन्हा एकदा सगळ्या पिना काढायला लावल्या, तेव्हा डेलिथचा धीर सुटला.

“आत्या, तू लग्नाला चालली आहेस की घोड्यांच्या शर्यतीला? बस झालं आता.”

“शर्यतीलाच,” नेस्टा आरशात बघत म्हणाली. “सत्त्याहत्तर वर्षं धावतेय, आज कुठे शेवटची फेरी आली. तेव्हा तरी टोपी नीट नको?”

डेलिथ हसली आणि तोंडातली पिन पडली. ती शोधायला दोघी वाकल्या, तेवढ्यात दार उघडून डेलिथची मुलगी कॅरिस आत आली. अंगात अजून इस्पितळाचा निळा झगा, पायात सुजून घट्ट झालेले बूट. रात्रभर दुसऱ्यांची बाळंतपणं करून आलेल्या या पोरीच्या स्वतःच्या पोटात सहावा महिना होता.

“तीन मुली आणि एक मुलगा,” तिने बातमी दिली. “मुलगा सगळ्यात जास्त रडला. आजी, काय दिसते आहेस! क्लेमंट आजोबा देवळातच आडवे होतील.”

“होऊ दे. उचलायला त्यांची बहीण आहे. ती पिठाची गोणी उचलते,” नेस्टा म्हणाली आणि पुन्हा आरशाकडे वळली.

कॅरिसने आईला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं. बाहेरच्या बोळात नेस्टाच्या शेजारणीची सायकल होती, तिच्या दांड्याला धरून कॅरिस उभी राहिली.

“आई, आत्ता सांगणार नव्हते. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. टोमाशला तिकडे उत्तरेत, संडरलंडला काम मिळालंय. तिथेही बसच चालवायची. मलाही तिथल्या इस्पितळात घेतायत. सप्टेंबरात जाऊ.”

“संडरलंड?” डेलिथला शहर आठवत होतं, ते नकाशावर नक्की कुठे असतं ते आठवेना. “तिथे आपलं कोण आहे?”

“घर आहे. दोन खोल्या वर, दोन खाली आणि मागे बाग. आम्ही दोघं इथे एका खोलीला जे भाडं देणार होतो, त्याच्या निम्म्यात.”

“माझ्याकडे राहता की.”

“तुझ्या कोचावर राहतो, आई. टोमाशचे पाय बाहेर लोंबतात. मी उठले की तो पडतो. पाळणा कुठे ठेवू? फ्रिजवर?”

 गेल्या ऑक्टोबरपासून रोज सकाळी डेलिथ स्वयंपाकघरात चोरपावलांनी चहा करत आली होती, कारण कोचावर झोपलेल्या दोघांना जाग येऊ नये. आता तो कोच मोकळा होणार. ही कल्पना तिला मुळीच सहन होईना.

“आज नको बोलूस,” ती म्हणाली. “निदान केक कापेपर्यंत तरी.”

“नाही बोलत. मला फक्त झोप हवी आहे आणि खायला हवंय.”

“पिन सापडली!” आतून नेस्टा ओरडली. “माझ्या बुटात!”

*

ऑक्सफर्डात नेस्टाच्या घराण्याच्या, प्रॉबर्टांच्या, चार पिढ्या झाल्या. पण शहरात एकाही प्रॉबर्टच्या नावावर घर नव्हतं. डेलिथचा धाकटा भाऊ ह्यू एकटा सोडला तर. होतं ते हे आवार. आयव्हर प्रॉबर्ट वेल्सच्या खाणीतून काम शोधत शहरातल्या कौली भागातल्या मोटारींच्या कारखान्यात आला आणि युद्धानंतर त्याने कारखान्यामागच्या गल्लीतला हा विटांच्या भिंतींचा तुकडा घेतला. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी इथे मोटारदुरुस्ती. आयव्हर गेल्यावर ते नेस्टा आणि तिचा धाकटा भाऊ, डेलिथचा बाप ग्लिन, या त्याच्या दोन मुलांचं झालं. दोघांच्या सहीशिवाय त्यातली वीटही विकता येत नव्हती.

लग्नाचं जेवण इथेच ठेवलं होतं, कारण शहरातला एकही हॉल मोकळा नव्हता. जुलै म्हणजे पदवीदानाचा महिना. मुलांच्या आईबापांनी सगळं वर्षभर आधीच अडवून ठेवलेलं. म्हणून ग्लिनने आठवडाभर खपून आवार झाडलं होतं, गॅरेजची जुनी दारं लाकडी घोड्यांवर आडवी टाकून टेबलं केली होती आणि त्यांवर शेजारपाजारच्या चादरी अंथरल्या होत्या. एका चादरीवर डायनासोर होते. ती वरपक्षाच्या वाट्याला गेली होती.

ह्यू फाटकाशी उभा राहून पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. सूट उत्तम, डोळा धंद्याचा. घरं भाड्याने लावून देण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, त्यामुळे भिंत दिसली की तिच्यामागे किती खोल्या निघतील हे त्याला आपोआप दिसायचं. इथे चार मजले सहज निघत होते. विद्यार्थ्यांच्या खोल्या, एकीला एक लागून, मधाच्या पोळ्यासारख्या. एका बांधकाम कंपनीने आवाराला जो भाव दिला होता तो ऐकून ग्लिनला खुर्चीत बसावं लागलं होतं. कंपनीच्या माणसाचा कालही फोन येऊन गेला. सोमवारी उत्तर हवं म्हणाला.

आणि आता तर आडकाठीही उरली नव्हती. आत्याला नवरा मिळाला, तिला आवाराशी काय करायचंय?

“ह्यू.”

त्याने वळून पाहिलं. नाताळच्या जेवणात या आवारावरूनच डेलिथने त्याला ‘कुटुंबाचा दलाल’ म्हटलं होतं आणि तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ती आज हातात पावाचं ताट घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

“विकून टाका,” ती म्हणाली.

“काय?”

“आवार. बाबांकडून आजच हो म्हणवून घे. त्यांचा वाटा ते कॅरिसला देणार आहेत, मला माहीत आहे. पोरगी संडरलंडला चालली आहे, ह्यू. माझं नातवंड मला फोनमध्ये दिसणार. तू माझा भाऊ आहेस ना? मग काहीतरी कर.”

ह्यूने तोंड उघडलं. त्याला एक गोष्ट सांगायची होती, जी त्याच्याएवढी चांगली त्या घरात कुणालाच माहीत नव्हती. पण डेलिथचे डोळे भरले होते आणि तिने त्याला भाऊ म्हटलं होतं.

“बघतो,” तो म्हणाला.

फाटकातून कॅरिस आणि टोमाश आत आले. कॅरिसने पिवळा झगा घातला होता. तिने मामाकडे बघून हात हलवला. ह्यू घाईघाईने दुसऱ्याच एका गाडीला रस्ता दाखवायला गेला. ती गाडी नीटच लागली होती.

*

देवळातला विधी झाला, नेस्टाची टोपी टिकली, क्लेमंट अल्सिद आडवा झाला नाही. साठ वर्षांपूर्वी कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरून आलेला हा उंच, संथ माणूस शहरात बस चालवून निवृत्त झाला होता. ‘हो, करतो’ हे शब्द त्याने इतक्या मोठ्याने म्हटले की मागच्या बाकावरचं बाळ जागं झालं.

आवारात जेवण रंगात आलं. एका बाजूला त्याच्या बहिणीने, अर्लीनने, कोंबडी आणि डाळ घातलेल्या भाताची पातेली उघडली होती, दुसऱ्या बाजूला देवळाच्या गायकमंडळातल्या बायकांनी वेल्सकडच्या चहात भिजवलेल्या बेदाण्यांच्या पावाचे डोंगर रचले होते. गायकमंडळातले पुरुष, सगळे सत्तरीच्या पुढचे, दोन्ही बाजूंना समान न्याय देत होते.

ग्लिन भाषणाला उभा राहिला. चमच्याने पेला वाजवला. पेला फुटला. टाळ्या पडल्या.

“माझी बहीण,” तो म्हणाला, “माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे आणि तिने हे मला विसरू दिलेलं नाही. लहानपणी आमच्या घरात सात माणसं आणि एक न्हाणीघर. तिच्याआधी मला कधी आत जाता आलं नाही. क्लेमंट, तुला माझी सहानुभूती आहे.”

“माझ्याकडे दोन आहेत!” क्लेमंट ओरडला.

“म्हणूनच तिने हो म्हटलं!”

हशा ओसरल्यावर ग्लिनचा आवाज जरा खाली आला. “आमच्या बापाने हे आवार घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, आता प्रॉबर्टांना कुणी हलवू शकत नाही. मंडळी, तो गेला, पण त्याचा शब्द राहिला. आम्ही कारखान्यात राबलो, कॉलेजांत राबलो, इस्पितळात राबतो आहोत. पण प्रॉबर्ट कौली सोडून जात नाहीत. आणि येत्या नोव्हेंबरात या आवारात पाचवी पिढी—”

कॅरिसला हसू आलं. ते हसू मध्येच फिरलं आणि तिला रडू कोसळलं. टोमाशने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चुकून भाताचं ताट सांडलं.

“काय झालं? कळा?” ग्लिन घाबरून म्हणाला.

“नाही, आजोबा. आम्ही चाललो. संडरलंडला. सॉरी, आई. केक कापेपर्यंत नाही जमलं.”

 मग ग्लिन टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाला, “कुठे जायचं नाही. मी ठरवलंय. हे आवार विकायचं आणि माझा वाटा तुला. घर घे. ह्यूने सगळं जुळवलंय. आजच सांगणार होतो, भाषणाच्या शेवटी.”

“भाषणाच्या शेवटी काय सांगणार होतास?” नेस्टाने विचारलं. तिचा आवाज अगदी गोड होता. ग्लिनला तो आवाज लहानपणापासून माहीत होता. न्हाणीघराचं दार आपटण्याआधीचा.

“हे बघ, नेस्टा—”

“माझ्या लग्नात, माझ्या केकसमोर, माझं आवार?”

“अर्धं तुझं!”

“मग अर्ध्यावर उभा राहून भाषण कर! हे टेबल माझ्या अर्ध्यात आहे!”

गायकमंडळाने जेवण थांबवलं नाही, पण चावणं हळू केलं. अर्लीनने समाधानाने पदराखाली हात घ्यावेत तसे हात छातीशी बांधले. “आमच्या गावी,” ती शेजारच्या वेल्श म्हातारीला म्हणाली, “भांडण झाल्याशिवाय लग्न पक्कं धरत नाहीत.”

“आमच्याकडेही,” म्हातारी म्हणाली. “पाव घ्या.”

*

नेस्टाला खरं तर आज हे बोलायचंच नव्हतं. तिने क्लेमंटला तसं कबूल केलं होतं. पण समोर डेलिथ रडत होती, ग्लिनचे कान लाल झाले होते आणि कॅरिस ताटातला सांडलेला भात बोटाने गोळा करून खात होती, कारण तिला खरोखर भूक लागली होती. तिच्याकडे बघून नेस्टाचा राग विरघळला आणि त्याखालचं जे होतं ते उघडं पडलं.

“मी सही करणार नाही,” ती उभी राहून म्हणाली. “चाळीस वर्षं मी कॉलेजातल्या मुलांच्या खोल्या आवरल्या. चांगली पोरं होती. माझी त्यांच्यावर माया आहे. पण जन्मभर त्यांच्या खोल्या आवरल्यावर आता त्यांच्या खोल्यांसाठी माझं आवारही द्यायचं? आणि त्या आवरायला जी बाई येईल ती राहणार कुठे? तीही संडरलंडला?”

“मग काय करायचं ठरवलंयस?” ग्लिनने विचारलं. “फुलं लावणार?”

“घरं बांधायची. आठ. वस्तीतल्या लोकांनी मिळून एक मंडळ काढलंय, मी त्यांना भेटून आले. आपण जमीन त्यांना परवडेल अशा भावात द्यायची. जमीन कायमची मंडळाची, कुणालाही विकता येणार नाही. त्यावर घरं आणि भाडं इथल्या माणसाच्या पगाराला झेपेल एवढंच. नर्स, बसवाले, शाळेतल्या मावश्या. या शहराला जे सकाळी उठवतात, त्यांच्यासाठी.”

“तू त्यांना भेटून आलीस,” ग्लिन हळूच म्हणाला. “आणि मला सांगितलं नाहीस.”

“तू कंपनीला भेटलास. मला सांगितलंस?”

 मग डेलिथ आत्यावर उखडली. “आणि माझ्या कॅरिसला त्यातलं घर मिळेल? लिहून देशील?”

“नाही,” नेस्टा म्हणाली. हे सांगणं तिला जड गेलं. “गरज बघून देतात. आपली म्हणून तिला पुढे काढता येणार नाही. बांधायलाही तीनेक वर्षं जातील. ती रांगेत उभी राहील, डेलिथ. पण त्या रांगेच्या टोकाला निदान घर असेल.”

“रांग!” कॅरिस एकदम म्हणाली आणि भाताने भरलेल्या तोंडाने हसायला लागली. “आजी, रांगेचं सांगू? इफ्ली रोडला एक तळघरातली खोली बघायला गेलो आम्ही. ही एवढी रांग, पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. एक मुलगी तर स्वतःच्या गुणांची यादी घेऊन आली होती. शेवटी आमचा नंबर आला, दार उघडलं, तर समोर कोण? ह्यूमामा! किल्ल्या घेऊन!”

टेबलाभोवती हसू फुटलं.

“मला वाटलं, ओळख दाखवली तर मामाची नोकरी अडचणीत येईल. म्हणून मी म्हटलं, ‘नमस्कार साहेब, खोली बघू का?’ आणि टोमाशने तर हात मिळवून स्वतःचं नाव सांगितलं! मामा म्हणतो, ‘इथे ओल जरा आहे.’ ओल? भिंतीवर आळंबी उगवली होती, बाजारात विकण्यासारखी! आणि मालकाला बाळ चालणार नव्हतं, म्हणून आम्हाला ती पण नाही मिळाली!”

ती डोळे पुसत हसत होती. अर्लीन हसत होती, गायकमंडळ हसत होतं. ग्लिन हसत नव्हता. तो मुलाकडे बघत होता.

ह्यू उभा राहिला. त्याने कोटाचं बटण लावलं, मग काढलं.

“बाबा,” तो म्हणाला, “आवार विकलंत, आत्याचा वाटा तिला दिलात, सरकारचा सरकारला आणि माझी दलाली मला. उरलेल्यात कॅरिसला या शहरात काय येईल माहीत आहे? न्हाणीघर. तेही खिडकी नसलेलं.”

“पण तू तर म्हणालास मोठा भाव—”

“भाव मोठाच आहे. आपल्या आवाराला मोठा, तसा दुसऱ्याच्या घरालाही मोठा. मी रोज तेच विकतो, बाबा. मला ठाऊक होतं.”

“मग सकाळी का नाही बोललास?” डेलिथ ओरडली. “मी तुझ्यापुढे हात जोडले!”

“तू नाताळनंतर पहिल्यांदा मला भाऊ म्हणालीस, ताई. तुझं मन मोडवेना.”

डेलिथने हातातला पाव त्याच्या अंगावर फेकला. तो त्याने झेलला आणि काय करावं न सुचून खाल्ला. मग तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, “माझ्या वरच्या दोन खोल्या आहेत. पर्यटकांना देतो त्या. सोमवारपासून बंद. कॅरिस, तुम्ही दोघं या. ही घरं होईपर्यंत राहा. घरं झाली नाहीत तरी राहा.”

कॅरिसचं हसू थांबलं. “मामा, बाळ रात्री रडेल.”

“रडू दे. घटस्फोट झाल्यापासून त्या घरात कुणी ओरडलेलं नाही. मला चैन पडत नाही.”

टोमाश इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता. त्याने उठून ह्यूचा हात हातात घेतला आणि गंभीरपणे म्हटलं, “आणि ओल?”

“जरा आहे,” ह्यू म्हणाला आणि सगळं आवार पुन्हा हसलं.

*

आता एकटा ग्लिन उरला होता. मुलगी बहिणीकडे सरकली होती, मुलगा बदलला होता आणि त्याने वर्षभर मनात जपलेली भेट, नातीच्या हातात ठेवायची घराची किल्ली, भाषणाच्या शेवटापर्यंतही पोचली नव्हती. त्याला हरल्याची लाज नव्हती, नुसतं रिकामं वाटत होतं. आणि रिकामं वाटलं की तो नेस्टाशी वाद घालायचा. लहानपणापासूनची सवय.

“आठ घरं इथे मावत नाहीत,” तो म्हणाला.

“मावतात,” नेस्टा म्हणाली.

“मी या फरशीवर पन्नास वर्षं गुडघे टेकलेत. सहा मावली तर नशीब.”

“मंडळाचा माणूस मोजून गेला. आठ.”

“माणसाला काय कळतं! दाखवतो तुला!” ग्लिनने चौफेर नजर फिरवली. आखायला खडू नव्हता, दोरी नव्हती. होते ते पाहुणे. “ए, खर्जवाले! तुम्ही उठा. सगळे. त्या भिंतीपासून इथपर्यंत एका ओळीत उभे राहा. ही पहिल्या घराची बाजूची भिंत.”

“आमचं पुडिंग?” एकजण म्हणाला.

“हातात घ्या! भिंतीने खाल्लं तर चालेल!”

खर्जातले म्हातारे वाट्या घेऊन ओळीत उभे राहिले. मग ग्लिनने क्लेमंटच्या भाच्यांना समोरची भिंत केलं, वरच्या पट्टीतल्या बायकांना मागची. अर्लीनला त्याने जिन्याच्या जागी उभं केलं, कारण तिथे मजबूत काहीतरी हवं होतं. टेबलं हलली, डायनासोरची चादर गुंडाळली गेली. एक घर उभं राहिलं. मग त्याला लागून दुसरं.

“बघ, या रांगेत आता तिसऱ्याला जागाच नाही,” ग्लिन विजयाने म्हणाला आणि मध्येच थांबला. “थांबा. हे स्वयंपाकघर इकडे कुणी ठेवलं? सकाळचं ऊन तिकडून येतं. बायको चहा करणार अंधारात? ह्यू, सरक. डेलिथ, तू खिडकी. हात पसर. आणखी!”

“बाबा, खांदे दुखतात!”

“मोठी खिडकी हवी की नको?”

स्वयंपाकघर फिरलं तसं तिसऱ्याला जागा झाली. चौथ्यासाठी ग्लिनने फाटक सरकवलं. त्याने कोट काढला होता, बाह्या सारल्या होत्या, आणि तो या भिंतीतून त्या भिंतीत वळसा घालून, दारातूनच, जात होता. एकदाही कुणाच्या मधून घुसला नाही. नेस्टा बघत होती. आवाराच्या टोकापर्यंत पोचल्यावर माणसं संपली, तेव्हा त्याने खुर्च्या घेतल्या, खुर्च्या संपल्या तेव्हा पातेली मांडली.

मग तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ओठ हलवत सगळं मोजू लागला. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

“किती?” नेस्टाने विचारलं.

“गप्प बस जरा.”

“किती, ग्लिन?”

“नऊ,” तो म्हणाला.  “मंडळाच्या त्या गाढवाला सांग, नऊ होतात. फक्त जिना नीट घालायला हवा.”

नेस्टा त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या खांद्यावरची पावाची भुकटी झटकली. “तूच सांग,” ती म्हणाली. “सोमवारी. दोघं जाऊ.”

“सही त्यांनी जिना दाखवल्यावरच.”

“बरं.”

छायाचित्रकाराने विचारलं, की नवरानवरी कुठे उभी राहणार. ग्लिन म्हणाला, चौथ्या घराला मागचं दार नाही, तिथे राहा. क्लेमंटने नेस्टाचा हात हातात घेतला आणि दोघं मागच्या दाराच्या जागी उभी राहिली. गायकमंडळाला एवढा वेळ एका जागी उभं राहायचं म्हणजे गायचंच असतं एवढं माहीत. पहिल्या घराच्या खर्जाने सूर धरला, तिसऱ्या घराच्या खिडक्यांनी उचलला आणि भिंतींमागून भिंती गाऊ लागल्या.

कॅरिस हातात केकची बशी घेऊन दुसऱ्या घराच्या दारातून आत गेली. तिने दारावर, म्हणजे टोमाशच्या छातीवर, टकटक केली होती आणि त्याने अदबीने बाजूला होऊन तिला आत घेतलं होतं. आत कुणीतरी विसरलेली एक खुर्ची होती. ती बसली. बूट काढले. बशी मांडीवर ठेवली. रात्रभराचं जागरण होतं, ऊन पाठीवर होतं आणि चारी बाजूंनी माणसं होती. केकचा पहिला घास हातातच राहिला आणि तिची मान हळूहळू कलली.

ते आधी डेलिथला दिसलं, कारण ती खिडकी होती. तिने बापाला खूण केली.

ग्लिन पायाच्या बोटांवर दारापाशी आला. टोमाशच्या काखेखालून त्याने आत डोकावलं. तोंड किंचित उघडं टाकून, पोटावर हात ठेवून त्याची नात गाढ झोपली होती, पाय लांब पसरून, अगदी ऐसपैस.

त्याने हात वर केला. गाणं खाली आलं, आणखी खाली आलं, नुसती गुणगुण उरली. क्लेमंटच्या एका भाच्याला शिंक येत होती, ती त्याने नाक दाबून परतवली.

“भिंतींनो,” ग्लिन कुजबुजला, “हलू नका कुणी. पोरगी झोपली आहे.”

आणि भिंती तशाच उभ्या राहिल्या.